थायरॉइड नॉर्मल

मोशीच्या चौकात चाकणहून येणारी कंपनीची बस नेहमीसारखी अडकली आणि तेवढ्यात मिनलच्या मांडीवरचा फोन एकदाच थरथरला. पहिली शिफ्ट सुटलेली, दुपारचे पावणेचार. बसमधल्या निम्म्या पोरी माना टाकून झोपल्या होत्या. शेजारची सुप्रिया तर तिच्या खांद्यावरच कलंडली होती. मिनलनं नाव पाहिलं आणि आधी तिला रागच आला. ज्ञानेश. सव्वा वर्षात त्याचं एक अक्षर आलं नव्हतं. आता काय, लग्न ठरलं म्हणून सांगायचं असेल, असं म्हणत तिनं मेसेज उघडला. ‘मिनल, एकदा रक्त तपासून घे. एचआयव्हीचं. माझं निघालंय.’ एवढंच. तिनं वाचलं, परत वाचलं. शब्द सगळे ओळखीचे होते, पण ते एकापुढे एक येऊन काय सांगतायत हे डोक्यात शिरायला वेळ लागला. बाहेर एक ट्रेलर नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेऊन हळूहळू वळण घेत होता आणि मिनल त्या गाड्या मोजत बसली. सात. आठवी अर्धी दिसत होती. मग तिनं त्याला फोन लावला. बंद. भोसरी येईपर्यंत सहा वेळा लावला, सहाही वेळा बंद. सुप्रियानं झोपेतच विचारलं, कोणाला लावतेस गं. मिनल म्हणाली, रिचार्जवाल्यांना. उतरायच्या आधी तिनं मेसेज पुसून टाकला, आणि पुसल्यावर तिच्या लक्षात आलं की तो आता पाठ झालाय.

संत तुकाराम नगरातल्या घरी आईनं चहा ठेवला होता. बाबा पेपर वाचत बसले होते. पिंपरीच्या एका कंपनीत तेहतीस वर्षं फिटर म्हणून घालवून ते निवृत्त झाले, त्याला दोन वर्षं झाली होती. आता पेपरातली एकेक बातमी ते मोठ्यानं वाचून दाखवत, आणि आई हातातलं काम न थांबवता हं म्हणे. रोजचंच सगळं. मिनल हात धुवायला गेली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर एक बारीक चीर होती. मिनल कंपनीत क्वालिटीला होती. दिवसभर ब्रेकच्या नळ्या हातात घेऊन त्यांची तोंडं तपासायची, त्यात एखाद्या नळीची कड राहिलेली असली की बोट कापायचं. सकाळीही कापलं होतं. थेंबभर रक्त आलं, तिनं ते ॲप्रनला पुसलं होतं आणि सुप्रियानं स्वतःच्या हातानं तिला पट्टी लावून दिली होती. मिनल नळाखाली बोट धरून उभी राहिली. सुप्रियाच्या बोटाला काही लागलेलं होतं का, हे ती आठवू लागली. आठवेना. पंचवीस वर्षं ज्या अंगात ती बिनभाड्यानं राहिली होती, ते अंग आता परक्याचं वाटू लागलं, आणि त्याच्या आत काय चाललंय ते विचारायची सोय नव्हती. आई म्हणाली, ‘किती वेळ धुतेस गं, पाणी जाईल.’

तिला त्या आजाराची ओळख अशी एकदाच झाली होती. सोनूमामा ट्रकवर होता. आला की नागपूरची संत्री, सुरतेची ओढणी, काहीबाही आणायचा आणि मिनलला उचलून छताला हात लावायला लावायचा. ती सात वर्षांची असताना तो आला, तो परत गेलाच नाही. तेव्हा ते कासारवाडीत दोन खोल्यांत राहायचे. मामाची गादी बाहेरच्या खोलीत, दाराला लागून. पायाच्या नळ्या दिसायला लागल्या, तोंडात पांढरं साचायचं, आणि रात्रंदिवस तो खोकायचा. आई त्याचा पेला वेगळा ठेवायची, त्याचं ताट उकळत्या पाण्यात बुडवायची. मिनलला मांडीवर घ्यायला त्यानं हात पुढे केले की आई काहीतरी काम सांगून तिला आत बोलवायची. तिनं एकदा विचारलं होतं, मामाला काय झालंय? आई म्हणाली, ताप. पण शेजारच्या बायका ताप म्हणत नव्हत्या. त्या ‘ते’ म्हणत. त्याला ‘ते’ झालंय. शेजारी टीव्ही बघायला गेलं तर आता दार लोटलेलं असायचं आणि आतून मालिकेचा आवाज यायचा. मामा गेल्यावर आईनं मागच्या मोकळ्या जागेत गादी जाळली. कापसाचा तो करपट, गोडसर वास दोन दिवस खोल्यांत राहिला. नंतर आईनं भावाचं नाव घरात काढलं नाही. त्याचा फोटोही नाही. मिनलला त्या वयात कळलं ते एवढंच, की माणूस मरतो हे वाईट आहे, पण त्याहून वाईट म्हणजे असं मरणं, की मागं कुणी नावही घेऊ नये.

आणि ज्ञानेश. तो चाकणच्या पलीकडच्या एका गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. कंपनीत लाइन सुपरवायझर होता. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याच्या लाइनचा अख्खा लॉट नापास केला, तेव्हा तो तावातावानं आला आणि नळी हातात घेऊन, उजेडाकडे धरून, म्हणाला, ‘बरोबर हाय तुमचं. आमीच चुकलो.’ असं म्हणणारा पुरुष मिनलनं कंपनीत त्याआधी पाहिला नव्हता. दोन वर्षं. त्याच्या मित्राची खोली, चाकणच्या बाजारामागं, खिडकीला जुन्या चादरीचा पडदा, दुपारच्या उन्हात त्या पडद्यातून पिवळा उजेड गळायचा. तिथं ती सुखी होती. हे तिला कबूल करावंच लागे. मग त्याच्या घरी कळलं. मुलगी कोणाची, कुठल्या समाजाची, हे कळलं. तो म्हणाला, ‘घरची न्हाई ऐकायची, मिनल. मी लय सांगून बघितलं.’ तिनं विचारलं, किती वेळा सांगितलंस? तो पडद्याची कड सारखी करत बसला. पुढच्या महिन्यात त्यानं नोकरी सोडली, गुजरातेतल्या कुठल्याशा प्लांटला गेला असं ऐकू आलं. आता ती रोज बसमध्ये बसून हिशेब मांडी: तिच्या आधी कोण? तिच्यानंतर कोण? आजार आधीचा असेल तर आपल्याला. नंतरचा असेल तर नाही. एखाद्या दिवशी तिला पक्कं वाटे की नंतरचाच. गुजरातेत एकटा होता, असेल कुणीतरी. असं वाटलं की तिला हलकं वाटे आणि लगेच जळजळे, की म्हणजे कुणीतरी होतीच.

पंधरा दिवसांनी ती भोसरीतल्या एका खासगी लॅबमध्ये गेली. घरापासून लांब, कंपनीपासूनही लांब, असा हिशेब करून. काचेचं दार, आत एसीचा गारवा, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. काउंटरवरच्या मुलीनं तिच्याकडे न बघता फॉर्म सरकवला. नाव, वय, मोबाइल, डॉक्टरांचं नाव. ‘कुठली टेस्ट?’ मिनलच्या मागं एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. तिनं आवाज खाली आणला, तरी तिच्या तोंडून पहिलं अक्षरही निघेना. ‘मॅडम, कुठली टेस्ट? मॅरीड आहात का?’ त्या मुलीचा काही दोष नव्हता. ती दिवसभर हेच प्रश्न विचारत असणार, याच आवाजात. मिनलच्या मागच्या भिंतीवर पॅकेजांची यादी होती. काउंटरच्या काचेत ती उलटी दिसत होती. मिनल म्हणाली, ‘थायरॉइड.’ सुई दंडात शिरली, नळीत रक्त चढलं, गडद, जवळजवळ काळं. तिनं त्या नळीकडे असं पाहिलं की जणू डोळ्यांनीच कळेल. एवढं रक्त काढलंच आहे तर त्यातलंच थोडं, असंही तिच्या जिभेवर आलं. ती उठून बाहेर आली. दोन दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट आला. थायरॉइड नॉर्मल. आईला तिनं तो दाखवलासुद्धा, कारण हल्ली मिनल जेवत नाही, वाळत चाललीय, असं आईचं सारखं चाललं होतं. आईनं चष्मा लावून रिपोर्ट वाचला आणि बाबांना सांगितलं, पोरीचं सगळं नॉर्मल आहे. बाबा म्हणाले, ‘नॉर्मलच असणार. आपल्या घरात कोणाला काय आहे?’

पिंपरीच्या सरकारी हॉस्पिटलात तपासणी होते, चिठ्ठी लागत नाही, नाव गुप्त ठेवतात, हे तिनं फोनवर वाचलं होतं. वाचून प्रत्येक वेळी हिस्टरी पुसली होती. मे महिन्यात एक दिवस रजा टाकून ती गेली. तळमजल्यावर, औषधांच्या रांगेला वळसा घालून, लांब बोळाच्या टोकाला ती खोली होती. दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत पाटी, आणि पाटीखाली बाक. नाव गुप्त, पण बाक उघड्यावर. जाणारा-येणारा प्रत्येक जण पाटी वाचायचा आणि मग बाकावरची तोंडं वाचायचा. मिनल बोळाच्या अलीकडच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाशी उभी राहून स्वतःला म्हणत होती, वीस पावलं आहेत. बाकावर एक मजूर दिसणारं जोडपं होतं, कॉलेजातला वाटणारा एक मुलगा टोपी नाकापर्यंत ओढून बसला होता, आणि त्यांच्या शेजारी पाय पसरून, आरामात, शेंगदाणे खात पिंकी. पिंकी म्हणजे त्यांच्याच इमारतीतली, दुसऱ्या मजल्यावरची सून. पाचवा महिना. गरोदर बाईची ती तपासणी करतातच, तिला काय त्याचं. पिंकीनं तिथूनच हात केला. ‘अगं मिनल! तू इथं कुठं?’ अख्खा बोळ वळून बघतोय असं मिनलला वाटलं, खरं तर टोपीवाल्या मुलाशिवाय कुणीच बघितलं नव्हतं. आत्याला ॲडमिट केलंय, तिला भेटायला आले, असं ती म्हणाली. पिंकीनं विचारलं, कुठल्या वॉर्डात? मिनलनं तोंडाला आला तो आकडा सांगितला आणि जिना चढून गेली. वर जाऊन, कुणाकुणाच्या आजारी आत्या झोपल्या होत्या त्या वॉर्डाच्या दारात ती दहा मिनिटं उभी राहिली. मग दुसऱ्या जिन्यानं खाली उतरून घरी आली. संध्याकाळी पिंकीनं आईला जिन्यात गाठून आत्याची चौकशी केली. आई मिनलकडे बघत म्हणाली, बरी आहे आता. दार लावल्यावर तिनं काही विचारलं नाही. न विचारणं हा आईचा जुना सराव होता.

याच दिवसांत बुद्धभूषणचं स्थळ आलं. विहारात पौर्णिमेला बाबांची त्याच्या वडिलांशी ओळख निघाली होती. दोघेही एकाच युनियनमधले, एकाच संपात बाहेर बसलेले. मुलगा तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये. पाहायला आले तेव्हा त्यानं चहाचे कप स्वतः आत नेऊन ठेवले, आणि बाबा त्यावर इतके खूश झाले की पाहुणे जायच्या आधीच त्यांनी लग्नाच्या तारखांची गोष्ट काढली. मिनल हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. नाही म्हणायला कारण लागतं. तिच्याकडे कारण होतं, पण ते खरं की खोटं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचं तर तो बोळ ओलांडावा लागणार होता. जोवर ती तपासत नाही तोवर काहीच झालेलं नाही, असं तिचं मन तिला समजावी. त्याच मनात खाली कुठंतरी दुसरं एक वाक्य पडून असे, की मग हा मुलगा? बुद्धभूषण तिला फोन करी. पुस्तकांविषयी बोले, आईच्या मधुमेहाविषयी बोले, थोडं अडखळत, पण खरं. तिला तो आवडू लागला होता, आणि ही त्यातली सगळ्यांत भयंकर गोष्ट होती.

निगडीच्या एका हॉटेलात ते दुसऱ्यांदा भेटले. डोसा अर्धा झाल्यावर त्यानं हात पुसले आणि जपून जपून बोलायला सुरुवात केली. त्याच्या ऑफिसात एका मित्राच्या मुलाला थॅलेसेमिया निघाला होता, आईबापांना आधी तपासून घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं. ‘आपण दोघांनीही लग्नाआधी सगळ्या ब्लड टेस्ट करून घेऊ या का? थॅलेसेमिया, हिपॅटायटिस, एचआयव्ही, सगळंच. माझ्या मनात काही नाही. मी आधी करतो, माझा रिपोर्ट तुम्हाला देतो, मग तुम्ही करा.’ त्यानं ते इतक्या सरळपणानं म्हटलं, जसं कोणी म्हणेल की दार नीट लागलंय का बघू या. समोरच्या वाटीत सांबारावर साय धरत होती. ही खरं तर सुटकाच होती. कुणीतरी हाताला धरून त्या दारातून आत नेत होतं, आणि तेही संशयानं नाही. ती म्हणाली, घरी विचारून सांगते. घरी विचारून! स्वतःच्या रक्ताबद्दल.

घरी तिनं आईला सांगितलं. नुसतं सांगितलं, की तो लग्नाआधी टेस्ट करू म्हणतो, एचआयव्हीसुद्धा. आपण हे का सांगतोय, हे तेव्हा तिला कळलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस ती त्या क्षणापाशी परत परत जाई आणि प्रत्येक वेळी तिथं उभ्या असलेल्या मिनलच्या तोंडावर तिला भोळेपणाआड लपलेला हिशेब दिसे. आत कपडे बदलणाऱ्या बाबांनी ते ऐकलं. ते सदऱ्याची अर्धीच बटणं लावून बाहेर आले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. त्यांनी त्याच्या वडिलांना फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, की आमची मुलगी काही दुकानातली वस्तू नाही, तपासून घ्यायला; आमच्या घरावर असला संशय घेणाऱ्या माणसांशी सोयरीक करायची नाही. पलीकडून काही समजावणं चालू होतं. बाबांनी जय भीम म्हणून फोन ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती बाबांकडे बघत नव्हती, मिनलकडे बघत होती. मिनलला तेव्हा वाटलं, सुटले. इतकं सुटल्यासारखं वाटलं की तिला भूक लागली, आणि कित्येक दिवसांनी ती तीन भाकऱ्या जेवली.

बाबांनी ती गोष्ट विहारात सांगितली, युनियनच्या जुन्या मित्रांत सांगितली. सांगण्यात त्यांचा दुष्टावा नव्हता, दुखावलेपण होतं. पण बोलता बोलता बुद्धभूषणचं नाव मागं पडलं आणि तो ‘टेस्टवाला’ झाला. त्याचं पुढचं एक स्थळ म्हणे त्यावरूनच मोडलं. मुलीकडच्यांनी विचारलं, एवढ्या टेस्टा मागतो, त्याचंच काही नाही ना? जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मिनल बसमधून उतरली तर तो स्टॉपवर उभा होता. वाट अडवून नाही, बाजूला, हेल्मेट हातात धरून. कामावरून अर्धा दिवस काढून आला होता. तो म्हणाला की त्याला काही मागायचं नाही, फक्त एक विचारायचंय.

‘मी काही वाईट बोललो होतो का? तुम्ही होता तिथं. तुम्हाला तसं वाटलं का?’

त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी सारखी लवत होती. रस्त्यानं गाड्या जात होत्या, सुप्रिया चार पावलं पुढे जाऊन वळून बघत उभी होती. नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की तो विचारणार, मग तुम्ही घरी काय सांगितलंत? आणि तिथून धागा उसवत उसवत कुठवर गेला असता.

‘हो,’ मिनल म्हणाली. ‘वाटलं.’

त्यानं मान हलवली. ‘मग चुकलंच माझं,’ म्हणाला, आणि हेल्मेट घालून गेला. त्याची गाडी पुलाखालून दिसेनाशी होईपर्यंत मिनल तिथंच होती. सुप्रियानं विचारलं, कोण गं? मिनल चालू लागली. चुकलं माझं, असं सरळ म्हणणारी दोन माणसं आपल्या वाट्याला आली, असं तिच्या मनात येत होतं. त्यातला एक जातीपुढे वाकला आणि तरी शेवटी त्यानं जे कळवायचं ते कळवलं, मेसेजमधून का होईना. दुसऱ्याला आपणच खोटं ठरवलं. ज्ञानेशला ती चार महिने मनातल्या मनात शिव्या देत होती, की त्यानं आपल्याला हे दिलं आणि फोन बंद करून पळाला. पण आजवरच्या तिच्या आयुष्यात, आईबाबांसकट, त्या एका गोष्टीचं नाव घेऊन तिच्याशी बोलणारी माणसं दोनच होती. दोघांचाही तिला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, आणि दुपारी शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये चढली नाही. पिंपरीच्या त्या बोळात जायचं धैर्य अजूनही तिच्यात नव्हतं. चाकणच्या सरकारी दवाखान्यात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. तिथंही बाक होता आणि पाटी होती. बाकावर तीन ट्रक ड्रायव्हर होते. तिला बसायला जागा देताना एकानं आपली पिशवी मांडीवर घेतली आणि दुसरीकडे बघू लागला. त्याचं ते दुसरीकडे बघणं तिला दयेसारखं वाटलं. आत एक समुपदेशक बाई होत्या, टेबलावर नावाची पट्टी, स्वरूपा. चाळिशीच्या, आवाज बसलेला, सर्दी झालेली. लग्न झालंय का, असं त्यांनी विचारलंच नाही. का आलात, हे विचारलं. मिनलनं सांगितलं. ज्ञानेश, मेसेज, महिना. पूर्ण वाक्यांत हे पहिल्यांदाच सांगत असल्यानं तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. बाईंनी विचारलं, ‘मार्चमध्ये कळलं, आणि आज जुलै संपत आला?’ त्या रागावल्या नव्हत्या, लिहून घेत होत्या. मिनल म्हणाली, ‘मी थायरॉइड तपासून घेतलं.’ बाईंचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं. मग म्हणाल्या, ‘घेतात बरेच जण. कुणी साखर तपासून घेतं.’ त्यांनी एक कागद तिच्यापुढे केला, तो वाचून सही करायला सांगितली, आणि कितीही वेळ घ्या म्हणाल्या.

रक्त घेतलं. अर्धा-पाऊण तास बसायला सांगितलं. बाकावर आता ड्रायव्हर नव्हते. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, म्हणून ती श्वास मोजत राहिली. आणि इतक्या वर्षांनी तिला सोनूमामाचा चेहरा स्वच्छ आठवला. आजारातला तिला नेहमी आठवायचा. आज आठवला तो आधीचा, भरल्या गालांचा, मिशीत संत्र्याचा रस लागलेला. त्याला कुणी असं बाकावर बसवलं असेल का? की त्याला कळलंच नाही, किंवा कळून त्यानंही ट्रक दुसऱ्या रस्त्याला घातला? तिला रडू आलं ते त्याच्यासाठी. स्वतःसाठी रडायला अजून कारण मिळालं नव्हतं.

मग मिळालं. स्वरूपाबाईंनी दार लावून घेतलं, खुर्ची टेबलाच्या या बाजूला आणली आणि सांगितलं. तीन वेगवेगळ्या तपासण्यांनी बघितलंय, तिन्हींत आलंय. नंतर त्या बरंच बोलल्या. रोज एक गोळी, ठरल्या वेळी, न चुकता. औषध नीट घेतलं तर आयुष्य इतरांएवढंच, लग्नही होतं, मुलंही होतात, आणि ती निरोगी होतात. मिनल ऐकत होती. शब्द पुन्हा सगळे ओळखीचे होते. चार महिने तिनं ज्याची भीती घेतली होती ते समोर येऊन बसलं होतं, आणि ते भीतीपेक्षा लहान नव्हतं, पण त्याला कडा होत्या. बाईंनी शेवटी विचारलं, ज्यानं सांगितलं तो औषधं घेतो का? मिनलला माहीत नव्हतं. संध्याकाळी तिनं त्या बंद नंबरवर लिहिलं, ‘माझंही आलं. गोळ्या सुरू करतेय. तू घे.’ तीन आठवड्यांनी तो मेसेज पोचल्याची खूण दिसली. उत्तर कधीच आलं नाही.

गोळ्यांची बाटली तिनं आधी बॅगेत, मग कपाटात ओढण्यांखाली ठेवली. आवाज होऊ नये म्हणून आत कापूस भरला. पहिले काही दिवस स्वप्नं वेडीवाकडी पडली, डोकं जड असायचं, मग सवय झाली. महिन्यातून एकदा ‘ओव्हरटाइम’ म्हणून ती औषध आणायला जाई. घरात कुणी काही विचारलं नाही. फक्त एकदा, ओढण्यांच्या घड्या नव्यानं घातलेल्या दिसल्या आणि बाटली जिथं होती तिथंच होती. त्या दिवशी आईनं जेवायला वाढताना आपला पाट ओढून तिच्या अगदी जवळ घेतला आणि तिच्या ताटातली उरलेली अर्धी भाकरी उचलून स्वतः खाल्ली. पाणी प्यायच्या निमित्तानं ती उठली आणि मोरीत बराच वेळ उभी राहिली.

फेब्रुवारीत बुद्धभूषणच्या लग्नाची पत्रिका आली. त्याच्या वडिलांनीच पाठवली होती, युनियनची जुनी ओळख म्हणून. नवरी औरंगाबादकडची होती. रविवारची सकाळ, बाबा पेपरासारखीच ती मोठ्यानं वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी ती स्टुलावर टाकली आणि हसून म्हणाले, ‘मिळाली म्हणायची टेस्टवाल्याला कोणीतरी. आपण बरे वाचलो.’

मिनल खिडकीशी केस विंचरत होती. सात-आठ महिने हे वाक्य या घरात निरनिराळ्या रूपांत येऊन गेलं होतं आणि प्रत्येक वेळी ती दुसऱ्या खोलीत गेली होती. आजही पाय तिकडेच वळले. पण तो स्टॉपवर उभा होता, पापणी लवत होती, आणि जे त्यानं केलंच नव्हतं ते कबूल करून तो निघून गेला होता. त्याच्या लग्नात आता चार लोक जेवता जेवता हेच बोलतील.

‘बाबा, त्याला तसं म्हणू नका,’ ती म्हणाली. ‘त्याचं बरोबर होतं.’

‘काय बरोबर होतं?’

‘त्यानं विचारलं नसतं तर मी तपासायला गेलेच नसते.’

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना वाक्य कळलं होतं आणि अर्थ नव्हता, किंवा अर्थ दारात येऊन थांबला होता. ‘तपासायला म्हणजे? ते थायरॉइडचं?’ असं म्हणत ते उठले, चपला शोधू लागले, बाहेर एक काम आठवल्याचं काहीतरी पुटपुटले. आई आतून आली. ओले हात तिनं पदराला पुसले, बाबांच्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभी राहिली.

‘माझ्या भावाचं कुणी ऐकलं नाही,’ ती म्हणाली. ‘मीसुद्धा नाही. तुम्ही बसा. ती काय सांगते ते ऐका.’

बाबा बसले. मिनलनं कंगवा खिडकीत ठेवला, आणि मोशीच्या चौकात बस अडकली होती तिथपासून सांगायला सुरुवात केली.